खाण कंपन्यांची दिवाळखोरी पुनर्रचना आणि समभागधारक

दिवाळखोरी पुनर्रचना म्हणजे कर्जफेड करू न शकणाऱ्या कंपनीचा कारभार बंद न पाडता, न्यायालयाच्या देखरेखीखाली तिच्या कर्जाची, मालमत्तेची आणि मालकीची नव्याने मांडणी करण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेतील अकराव्या प्रकरणावरून ती तेथे ‘चॅप्टर ११’ या नावाने ओळखली जाते. या प्रक्रियेतून अनेक खाण कंपन्या सुखरूप बाहेर पडल्या. त्यांच्या खाणी चालू राहिल्या आणि बहुतांश कामगारांचा रोजगार टिकला. मात्र त्या कंपन्यांच्या जुन्या समभागधारकांच्या हाती बहुतेक वेळा काहीही उरले नाही. कंपनी वाचणे आणि कंपनीचा समभाग वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयातील मूलभूत सूत्र आहे.

प्रस्तुत लेखात समभागधारकांचे कायदेशीर स्थान, खाण उद्योगाची विशेष परिस्थिती, पीबॉडी एनर्जी या अमेरिकी कोळसा कंपनीचे २०१६-१७ मधील उदाहरण आणि भारतातील तरतुदी यांचा परिचय करून दिला आहे.

समभागधारकाचे स्थान

कंपनीला पैसा दोन मार्गांनी मिळतो : कर्जाच्या रूपाने आणि भांडवलाच्या रूपाने. कर्ज देणाऱ्याला ठरलेले व्याज आणि मुद्दल परत मिळण्याचा हक्क असतो. कंपनीला कितीही नफा झाला तरी त्याला त्याहून अधिक मिळत नाही. समभागधारकाला कोणतेही निश्चित वचन दिलेले नसते. सर्वांची देणी भागल्यावर जे काही उरेल, त्यावर त्याचा हक्क असतो. म्हणून समभागधारकाच्या हक्काला ‘अवशिष्ट हक्क’ असे म्हणतात. भरभराटीच्या काळात उरणारा हा हिस्सा मोठा असतो आणि समभागधारक श्रीमंत होतो. मंदीच्या काळात हाच हिस्सा सर्वांत आधी नाहीसा होतो.

समभागधारकाची जबाबदारी मात्र मर्यादित असते. कंपनीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा कितीही जास्त झाली, तरी पूर्ण भरणा झालेल्या समभागाच्या धारकाकडून अधिक रक्कम वसूल करता येत नाही. त्याचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहते.

देण्यांचा अग्रक्रम

अमेरिकेची सध्याची दिवाळखोरी संहिता १९७८ साली संमत झाली. तीनुसार देणी फेडण्याचा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहे :

१. तारण असलेले धनको. ज्यांच्याकडे खाणी, यंत्रसामग्री किंवा येणी गहाण आहेत अशा बँका व रोखेधारक. तारणाच्या मूल्याइतका त्यांचा हक्क पहिला असतो.
२. प्रक्रियेचा खर्च. वकील, सल्लागार आणि हिशेबतपासनीस यांचे शुल्क, तसेच दिवाळखोरीच्या काळात कंपनी चालू ठेवण्यासाठी घेतलेले नवे कर्ज. अशा नव्या कर्जाला न्यायालय अनेकदा सर्वोच्च अग्रक्रम देते.
३. अग्रक्रमाची देणी. ठरावीक मर्यादेपर्यंत थकलेले वेतन आणि काही कर.
४. विनातारण धनको. विनातारण रोखेधारक, पुरवठादार आणि तुटलेल्या करारांची भरपाई मागणारे.
५. अग्रहक्क समभागधारक.
६. सामान्य समभागधारक.

वरच्या वर्गाचे देणे पूर्ण फिटल्याशिवाय त्या वर्गाच्या संमतीविना खालच्या वर्गाला काही देता येत नाही, या नियमास ‘निरपेक्ष अग्रक्रमाचे तत्त्व’ म्हणतात. या तत्त्वाची मुळे अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांच्या पुनर्रचनांमध्ये आहेत. त्या काळी मोठे रोखेधारक आणि समभागधारक आपापसांत समझोता करून कंपनी पुन्हा ताब्यात घेत आणि मधल्या विनातारण धनकोंना डावलत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे विरुद्ध बॉइड या १९१३ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला आळा घातला. पुढे १९३९ मधील लॉस एंजेलिस लंबर प्रॉडक्ट्स खटल्यात हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. समभागधारकांना शेवटच्या पायरीवर उभे करणारा हा नियम छोट्या धनकोंच्या संरक्षणासाठी घडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कंपनीच्या व्यवस्थापनाने खोटी माहिती देऊन समभाग विकले, अशी भरपाईची मागणी एखाद्या समभागधारकाने केली, तरी त्याचा क्रम वर सरकत नाही. संहितेच्या कलम ५१० नुसार सामान्य समभागांच्या खरेदी-विक्रीतून उद्भवलेला असा दावा सामान्य समभागांच्याच पायरीवर ठेवला जातो.

एक उदाहरण

काल्पनिक आकड्यांच्या साहाय्याने हा नियम सहज समजतो. समजा, एका खाण कंपनीवर ४०० कोटींचे तारणकर्ज, ५०० कोटींचे विनातारण रोखे आणि पुरवठादारांची १०० कोटींची देणी आहेत. एकूण देणी १,००० कोटी झाली. न्यायालयात कंपनीचे मूल्य ७०० कोटी ठरले.

तारण असलेल्या धनकोंना त्यांचे ४०० कोटी पूर्ण मिळतात. उरलेले ३०० कोटी ६०० कोटींच्या विनातारण देण्यांमध्ये वाटले जातात. म्हणजे विनातारण धनकोंना रुपयामागे ५० पैसे मिळतात. समभागधारकांसाठी काहीच उरत नाही. कंपनीचे मूल्य १० किंवा २० टक्क्यांनी वाढले तरी समभागधारकांच्या स्थितीत फरक पडत नाही. ती वाढ विनातारण धनकोंची तूट भरून काढण्यात खर्च होते. समभागधारकांना पहिला रुपया मिळण्यासाठी मूल्य १,००० कोटींच्या पुढे, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांनी वाढावे लागेल.

प्रत्यक्षात विनातारण धनकोंना त्यांचा हिस्सा रोखीने क्वचितच मिळतो. त्यांना नव्या कंपनीचे समभाग दिले जातात. म्हणजे जुने धनको नवे मालक होतात आणि जुने समभाग रद्द होतात. दोन वर्षांनी खनिजाचे भाव वाढून कंपनीचे मूल्य १,२०० कोटी झाले, तर त्या वाढीचा लाभ नव्या मालकांना होतो. जुन्या समभागधारकांना तो मागता येत नाही, कारण त्यांचा हक्क योजना अमलात येण्याच्या दिवशीच संपुष्टात आलेला असतो.

खाण उद्योगाची विशेष परिस्थिती

खाण कंपन्यांच्या बाबतीत पुढील चार कारणांमुळे समभागधारकांची स्थिती अधिक नाजूक होते.

भावांचे चक्र. कोळसा, तांबे किंवा लोहखनिज यांचा भाव कंपनी ठरवत नाही, जागतिक बाजार ठरवतो. खाण सुरू करण्यास मात्र अनेक वर्षे आणि प्रचंड भांडवल लागते. भाव चढे असताना कर्ज काढून विस्तार केला जातो. उत्पादन वाढेपर्यंत भाव उतरलेले असतात. भाव उतरला तरी कर्जाचे व्याज कमी होत नाही.

जमीन पूर्ववत करण्याचे दायित्व. अमेरिकेच्या १९७७ च्या पृष्ठीय खाणकाम नियंत्रण व पुनरुद्धार कायद्यानुसार कोळसा कंपनीला खणलेली जमीन पूर्ववत करावी लागते आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. सुस्थितीतील मोठ्या कंपन्यांना काही राज्ये स्वतःच्या नावावरच हमी देण्याची मुभा देत; तिला ‘स्वहमी’ म्हणतात. कंपनी अडचणीत आली की ही सवलत धोक्यात येते आणि तिला रोख तारण किंवा त्रयस्थ संस्थेचे जामीनपत्र द्यावे लागते. संकटाच्या वेळीच पैशाची ही नवी निकड निर्माण होते.

कामगारांची देणी. जुन्या खाण कंपन्यांवर निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा आणि वैद्यकीय खर्चाचा भार असतो. न्यायालयाच्या परवानगीने ही देणी बदलता येतात. त्यामुळे अशा प्रकरणांत निवृत्त खाणकामगार आणि धनको यांच्यात तीव्र संघर्ष होतो. या संघर्षात जो पक्ष काही गमावतो, तोसुद्धा समभागधारकांच्या पुढेच उभा असतो.

मूल्यमापनातील अनिश्चितता. जमिनीखालील साठ्याचे मूल्य भविष्यातील भावांच्या अंदाजावर अवलंबून असते. हिशेबाच्या पुस्तकातील किंमत आणि बाजार देऊ करतो ती किंमत यांत मोठी तफावत पडते. ताळेबंदात मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त दिसली म्हणून समभागांना मूल्य आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अमेरिकी कोळसा कंपन्यांची पडझड, २०१२-२०१६

२०११ च्या सुरुवातीस ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील पुरांमुळे पोलादनिर्मितीला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा पुरवठा विस्कळीत झाला आणि भाव टनाला ३०० डॉलरच्या वर गेले. चीनची मागणी अशीच वाढत राहील या अपेक्षेने त्याच वर्षी अमेरिकी कंपन्यांनी मोठ्या खरेद्या केल्या. अल्फा नॅचरल रिसोर्सेसने मॅसी एनर्जी सुमारे ७.१ अब्ज डॉलरला, आर्च कोलने इंटरनॅशनल कोल ग्रुप ३.४ अब्ज डॉलरला, तर वॉल्टर एनर्जीने कॅनडातील वेस्टर्न कोल ही कंपनी विकत घेतली. पीबॉडीने ऑस्ट्रेलियातील मॅकार्थर कोल सुमारे ५ अब्ज डॉलरला मिळवली.

त्यानंतर दोन्ही बाजूंनी परिस्थिती उलटली. चीनच्या पोलाद उद्योगाची वाढ मंदावली आणि २०१६ च्या आरंभी कोकिंग कोळशाचा भाव टनाला ८० डॉलरच्या आसपास आला. अमेरिकेत शेल खडकांतील स्वस्त नैसर्गिक वायूने वीजनिर्मितीतील कोळशाची जागा घेण्यास सुरुवात केली. २०१६ मध्ये वार्षिक वीजनिर्मितीत वायूने प्रथमच कोळशाला मागे टाकले.

२०११ मध्ये मोठी खरेदी करणाऱ्या या चारही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या : वॉल्टर एनर्जी जुलै २०१५ मध्ये, अल्फा ऑगस्ट २०१५ मध्ये, आर्च जानेवारी २०१६ मध्ये आणि पीबॉडी एप्रिल २०१६ मध्ये. पीबॉडीतून २००७ साली वेगळी झालेली पेट्रियट कोल ही कंपनी २०१२ आणि २०१५ अशी दोनदा न्यायालयात गेली. कोळशाच्या बाहेर, दुर्मिळ मृदा खनिजे काढणाऱ्या मॉलिकॉर्पने जून २०१५ मध्ये संरक्षण मागितले. या प्रकरणांत जुन्या सामान्य समभागांना मूल्य उरले नाही. वॉल्टरच्या अलाबामातील खाणी धनकोंनी घेतल्या आणि त्यांतून वॉरियर मेट कोल ही नवी कंपनी उभी राहिली. खाणी त्याच राहिल्या, मालक बदलले.

पीबॉडी एनर्जीचे उदाहरण

पार्श्वभूमी. फ्रान्सिस पीबॉडी यांनी १८८३ साली शिकागो येथे कोळशाचा व्यापार सुरू केला. पुढे ही कंपनी खासगी क्षेत्रातील जगातील सर्वांत मोठी कोळसा कंपनी झाली. तिचे मुख्यालय सेंट लुइस येथे आहे. २००१ साली तिचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात ‘बीटीयू’ या चिन्हाखाली नोंदले गेले. हे चिन्ह उष्णता मोजण्याच्या ब्रिटिश एककाच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. २०११ मध्ये समभागाचा भाव ७० डॉलरच्या पुढे गेला होता.

संकट. २०१५ मध्ये कंपनीला सुमारे २ अब्ज डॉलरचा तोटा झाला. समभागाचा भाव इतका खाली आला की ऑक्टोबर २०१५ च्या आरंभी दर १५ समभागांचा एक समभाग करण्यात आला. या कृतीने समभागांची संख्या घटते आणि प्रत्येक समभागाचा भाव त्या प्रमाणात वाढतो. कंपनीच्या एकूण मूल्यात मात्र काहीही भर पडत नाही. न्यू मेक्सिको व कोलोराडो येथील खाणी विकून पैसा उभारण्याचा प्रयत्नही तडीस गेला नाही. मार्च २०१६ मध्ये कंपनीने सुमारे ७.१ कोटी डॉलरचे व्याज मुदतीत भरले नाही आणि ३० दिवसांच्या सवलतीच्या मुदतीचा आधार घेतला.

अर्ज. १३ एप्रिल २०१६ रोजी पीबॉडीने सेंट लुइस येथील दिवाळखोरी न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज केला. ऑस्ट्रेलियातील उपकंपन्या या अर्जात समाविष्ट नव्हत्या. अर्जात सुमारे ११ अब्ज डॉलरची मालमत्ता आणि १०.१ अब्ज डॉलरची देणी नमूद होती. हे आकडे पाहणाऱ्याला समभागधारकांसाठी जवळपास १ अब्ज डॉलर शिल्लक आहेत असे वाटणे स्वाभाविक होते. पण हे पुस्तकी मूल्य होते. बाजाराचे उत्तर वेगळे होते : अर्जापूर्वी समभागाचा भाव सुमारे २ डॉलर होता, म्हणजे १५ समभागांच्या एकत्रीकरणापूर्वीच्या हिशेबाने जेमतेम १४ सेंट. न्यूयॉर्क शेअर बाजाराने व्यवहार थांबवले आणि समभाग ‘बीटीयूयूक्यू’ या चिन्हाखाली बाजाराबाहेरील व्यवहारांत गेला. अखेरचे ‘क्यू’ हे अक्षर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असल्याची खूण आहे.

कारभार चालू ठेवण्यासाठी कंपनीने ८० कोटी डॉलरच्या अर्थसाहाय्याची व्यवस्था केली. त्यांपैकी ५० कोटींचे मुदतकर्ज होते आणि २० कोटींची सोय जमीन पूर्ववत करण्याच्या हमीसाठी होती. हे सर्व कर्ज जुन्या देण्यांच्याही आधी फेडावयाचे होते. अशा प्रकारे प्रक्रियेच्या पहिल्याच टप्प्यावर समभागधारक आणखी एक पायरी खाली ढकलले गेले.

भावांची उसळी. २०१६ मध्ये चीन सरकारने देशातील कोळसा खाणींचे कामाचे दिवस वर्षाला २७६ इतके मर्यादित केले. पुरवठा आटला आणि नोव्हेंबर २०१६ पर्यंत कोकिंग कोळशाचा भाव पुन्हा टनाला ३०० डॉलरच्या वर गेला. पीबॉडीचा दिवाळखोर समभाग काही आठवड्यांत अनेक पटींनी वाढला. भाव टिकले तर कंपनीचे मूल्य देण्यांपेक्षा जास्त ठरेल आणि जुन्या समभागधारकांना वाटा मिळेल, अशी अटकळ त्यामागे होती.

योजना. २२ डिसेंबर २०१६ रोजी कंपनीने पुनर्रचनेची योजना सादर केली. तीत जुन्या समभागधारकांसाठी काहीही तरतूद नव्हती आणि समभागाचा भाव कोसळला. योजनेनुसार १.५ अब्ज डॉलरचे नवे भांडवल उभारायचे होते : निम्मे धनकोंना दिलेल्या हक्कविक्रीतून आणि निम्मे निवडक रोखेधारकांना दिलेल्या अग्रहक्क समभागांतून. योजनेत गृहीत धरलेल्या मूल्याच्या तुलनेत हक्कविक्रीत ४५ टक्के, तर अग्रहक्क समभागांवर ३५ टक्के सूट होती. काही लहान धनकोंनी या खासगी विक्रीला आक्षेप घेतला. मोठ्या रोखेधारकांना दिलेली ही विशेष संधी म्हणजे असमान वागणूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या आठव्या विभागीय अपील न्यायालयाने योजना कायम ठेवली. नव्या कंपनीच्या मालकीवरून हा झगडा धनकोंमध्येच चालला होता. जुने समभागधारक त्या झगड्याच्या बाहेर होते.

परिणाम. १७ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने योजनेला मंजुरी दिली. ३ एप्रिल २०१७ रोजी ती अमलात आली आणि जुने समभाग कोणताही मोबदला न देता रद्द झाले. कंपनीवरील कर्ज ५ अब्ज डॉलरहून अधिक घटून सुमारे २ अब्ज डॉलरवर आले. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल रोजी, नवे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात खुले झाले. त्यांचे चिन्ह पुन्हा ‘बीटीयू’ हेच होते. नाव, चिन्ह आणि खाणी जुन्याच असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने जुन्या आणि नव्या समभागांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

नव्या मालकांचीही वाट सोपी नव्हती. २०२० मध्ये कोळशाची मागणी घटल्यावर नव्या समभागाचा भाव १ डॉलरच्या आसपास आला आणि पुन्हा दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागण्याची शक्यता कंपनीने स्वतःच जाहीर अहवालात नोंदवली. पुढे भाव सुधारल्याने ती वेळ टळली.

समभागधारकांचे प्रक्रियेतील अधिकार

पुनर्रचनेच्या योजनेवर धनकोंचे आणि समभागधारकांचे वर्गवार मतदान होते. धनकोंच्या वर्गात मतदान करणाऱ्यांपैकी रकमेने दोन-तृतीयांश आणि संख्येने निम्म्याहून अधिक धनकोंची संमती लागते. मात्र ज्या वर्गाला योजनेतून काहीही मिळत नाही, त्याने योजना नाकारली असे कायदाच गृहीत धरतो आणि त्याचे मत मागवले जात नाही. त्यामुळे बहुतेक प्रकरणांत समभागधारकांना मतपत्रिका येत नाही, केवळ सूचनापत्र येते.

नाकारणाऱ्या वर्गावरही योजना लादता येते. मात्र ती न्याय्य व समन्यायी असल्याची न्यायालयाची खात्री पटावी लागते. वरच्या वर्गाला त्याच्या देण्यापेक्षा अधिक मिळता कामा नये, हा या कसोटीचा भाग आहे. समभागधारकांचा खरा युक्तिवाद येथेच उभा राहतो : कंपनीचे मूल्य मुद्दाम कमी धरले आहे आणि धनको आपल्या हक्कापेक्षा जास्त घेत आहेत, असे त्यांना सिद्ध करावे लागते. भावांच्या तळाशी मूल्यमापन झालेल्या खाण कंपनीबाबत हा युक्तिवाद निरर्थक नसतो. परंतु तो मांडण्यासाठी तज्ज्ञ आणि वकील लागतात व त्यांचा खर्च विखुरलेल्या छोट्या गुंतवणूकदारांना परवडत नाही. समभागधारकांची अधिकृत समिती नेमल्यास तिचा खर्च कंपनीच्या निधीतून होतो. समभागधारकांना काही मिळण्याची वास्तव शक्यता दिसली, तरच साधारणपणे अशी समिती नेमली जाते.

काही मिळाल्याची उदाहरणे

समभागधारकांना मोबदला मिळाल्याची उदाहरणे विरळ असली तरी आहेत. त्यांतील ठळक उदाहरणे खाण उद्योगाबाहेरची आहेत. जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज या व्यापारी संकुलांच्या कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्याकडे उत्पन्न देणाऱ्या मालमत्ता होत्या. अडचण मुदत संपलेल्या कर्जाचे नूतनीकरण न होण्याची होती. तिच्या समभागधारकांचे हक्क टिकले. अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीच्या समभागधारकांना २०१३ मध्ये यूएस एअरवेजबरोबर झालेल्या विलीनीकरणातून नव्या कंपनीचे समभाग मिळाले. हर्ट्झ ही मोटारी भाड्याने देणारी कंपनी मे २०२० मध्ये न्यायालयात गेली. पुढील वर्षी प्रवास पुन्हा सुरू झाला, जुन्या मोटारींच्या किमती वाढल्या आणि कंपनी मिळवण्यासाठी दोन गुंतवणूकदार गटांत चढाओढ लागली. परिणामी जुन्या समभागधारकांना रोख रक्कम, नव्या समभागांचा काही हिस्सा आणि समभाग खरेदीचे हक्क मिळाले.

या उदाहरणांत समान धागा दिसतो. प्रक्रिया चालू असतानाच मूल्य देण्यांच्या वर गेले आणि ते वाढलेले मूल्य मोजायला प्रत्यक्ष खरेदीदार तयार होता. पीबॉडीच्या बाबतीत कोळशाचे भाव वेळेत वाढले होते. पण ती वाढ देण्यांचा डोंगर ओलांडण्याइतकी टिकाऊ असल्याचे योजनेतील मूल्यमापनात मानले गेले नाही.

बाजारभाव शून्य का होत नाही

समभाग रद्द होण्याची शक्यता मोठी असूनही दिवाळखोर कंपनीच्या समभागांचे व्यवहार चालू राहतात आणि त्यांना काही भाव मिळतो. त्याची कारणे तीन आहेत. पहिले, भाव उसळण्याची लहानशी शक्यता असते आणि तिची किंमत लॉटरीच्या तिकिटासारखी मोजली जाते. दुसरे, समभाग उसने घेऊन विकलेल्या व्यापाऱ्यांना आपला व्यवहार मिटवण्यासाठी ते परत विकत घ्यावे लागतात. तिसरे, कंपनी चालू आहे म्हणजे समभागही टिकेल, असा समज बाळगणारे खरेदीदार बाजारात असतात. भाव शून्याच्या वर असणे हा समभागाला मूल्य असल्याचा पुरावा नव्हे.

अशा प्रकरणांत बातम्यांपेक्षा मूळ कागदपत्रे अधिक सांगतात. कंपनीच्या विनातारण रोख्यांचा बाजारभाव हा त्यांतील सर्वांत सोपा निर्देशक आहे. समभागधारकांच्या आधी रांगेत असलेले रोखे दर्शनी किमतीच्या ३० किंवा ४० टक्क्यांना विकले जात असतील, तर त्या धनकोंनाही पूर्ण रक्कम मिळणार नाही असे बाजार मानतो. मग त्यांच्या मागे असलेल्या समभागधारकांसाठी काही उरण्याचा प्रश्नच येत नाही. योजनेसोबत दिलेल्या माहितीपत्रात प्रत्येक वर्गाला काय मिळणार हे वर्गवार लिहिलेले असते. समभाग रद्द होणार असल्याचा उल्लेख तेथे स्पष्ट असतो.

भारतातील स्थिती

भारतात २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ही प्रक्रिया एकत्र आणली. कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. मुंबई येथे त्याचे खंडपीठ आहे. अमेरिकेत अर्जानंतर सामान्यतः जुने व्यवस्थापनच कारभार पाहते. भारतात मुख्य प्रक्रियेत संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन ते नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातात. वित्तीय धनकोंची समिती ६६ टक्के मतांनी निराकरण योजना स्वीकारते. योजनेसाठी समभागधारकांच्या वेगळ्या संमतीची आवश्यकता नसते. न्यायाधिकरणाच्या मंजुरीनंतर ती सर्वांवर बंधनकारक होते. संहितेच्या कलम ५३ मधील क्रमात अग्रहक्क समभागधारक उपान्त्य आणि सामान्य समभागधारक शेवटच्या स्थानी आहेत.

खाणकामाशी संबंधित महत्त्वाचा निर्णय एम्बसी प्रॉपर्टी डेव्हलपमेंट्स विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. नादारीतील एका कंपनीच्या खाणपट्ट्याचा हा प्रश्न होता. खाणपट्ट्याच्या मुदतवाढीबाबत राज्य सरकारला आदेश देण्याचा अधिकार विधी न्यायाधिकरणाला नाही, असे न्यायालयाने ठरवले. खाण कंपनीचे मूल्य मुख्यतः तिच्या पट्ट्यात असते. तो पट्टाच अनिश्चित झाला, तर धनकोंचीही वसुली अवघड होते आणि समभागधारकांची आशा आणखी क्षीण होते.

समभाग निरस्त होण्याचा अनुभव महाराष्ट्रातील गुंतवणूकदारांना अन्य क्षेत्रांत आलेला आहे. मुंबईस्थित दिवाण हाउसिंग फायनान्स या गृहकर्ज कंपनीची निराकरण योजना जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केली. कंपनीचा व्यवसाय नव्या मालकाकडे गेला. जुन्या समभागांची बाजारातील नोंदणी रद्द झाली आणि त्यांच्या धारकांना काहीही मिळाले नाही.

प्रचलित गैरसमज

‘कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, म्हणजे जुन्या समभागधारकांचे नुकसान भरून निघाले.’ – बाहेर येणारी कंपनी सामान्यतः नव्या समभागांसह येते. नाव व चिन्ह सारखे असल्याने भावांचे जुने आणि नवे आलेख एकमेकांना जोडून वाचण्याची चूक होते.

‘मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून समभाग सुरक्षित आहे.’ – ताळेबंदातील आकडे भूतकाळातील खर्चावर आधारलेले असतात. दिवाळखोरीत निर्णायक ठरते ते भविष्यातील उत्पन्नावरून काढलेले मूल्य.

‘खनिजाचे भाव वाढले की समभागधारकांना लाभ होतोच.’ – भाववाढ योजना मंजूर होण्यापूर्वी व्हावी लागते, ती देण्यांची पूर्ण रक्कम ओलांडेल इतकी असावी लागते आणि ती टिकेल असे न्यायालयाला पटावे लागते. यांपैकी एक अट अपुरी राहिली, तरी वाढीचा लाभ धनकोंकडे जातो.

‘भाव एवढा पडला आहे की आता आणखी काय पडणार?’ – सत्तर डॉलरवरून दोन डॉलरवर आलेला समभाग दोन डॉलरवरून शून्यावरही येऊ शकतो. दोन डॉलरला तो विकत घेणाऱ्याचे नुकसानही शंभर टक्केच असते.

हे सुद्धा पहा

दिवाळखोरी
समभाग
कर्जरोखा
मर्यादित दायित्व
नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६
राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण
कोळसा